नवरात्रातल्या नऊ गोळ्या

मित्रांनो, आज मला पाहून तुम्ही नक्की फसाल. मेडशीच्या वच्छलाबाईंच्या घरात, चुलीच्या वरच्या फळीवर मी उभी असते. माझ्या पोटात ओवा भरलेला आहे. माझे पत्र्याचे झाकण केव्हाच हरवले, त्यामुळे तोंडाला कापडाचा बोळा लावला आहे. धुराने अंग काळवंडले आहे. पण मी ओव्याची बाटली नाही. मी औषधाची बाटली आहे, आणि तीसुद्धा हृदयाच्या औषधाची. हे सांगताना मला थोडा ताठा येतो, तेवढा तुम्ही चालवून घ्या.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवून मला साच्यात ओतले, फुंकले आणि थंड केले. माझा रंग तपकिरी ठेवला, कारण उजेड लागला की कित्येक औषधे बिघडतात. तिथून मी मुंबईच्या एका औषध कंपनीत गेले. तिथे माझ्यात पाचशे गोळ्या भरल्या. पांढऱ्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. त्यांचे नाव डिजॉक्सिन. एका परदेशी फुलझाडाच्या पानातून काढलेले हे औषध. दुबळे आणि उधळलेले हृदय त्याने सावकाश आणि जोरकस चालू लागते. पण ही गोळी हातभर अंतर राखून वागवावी लागते. योग्य मापात ती जीव राखते, थोडी जास्त झाली की विष होते. या दोन्हींमधले अंतर फार थोडे आहे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कथा त्या थोड्याशा अंतरात घडली.

खोक्यात बसून, आधी रेल्वेने अकोल्याला आणि मग एस.टी.च्या टपावरून मी मेडशीला आले. तिथे स्टँडजवळ तायडे डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर बौद्ध वस्तीतल्या एका शेतमजुराचे चिरंजीव. नागपूरला शिकले आणि गावातच परत आले. पुढच्या खोलीत औषधांचे कपाट, त्याच्यासमोर लाकडी खिडकी आणि खिडकीत कंपाउंडर माणिकराव. माझी जागा कपाटाच्या वरच्या फळीवर होती.

शेजार मोठा गमतीचा होता. खालच्या फळीवर सगळी जंतू मारणारी मंडळी राहत. पेनिसिलिन रबरी बुचाच्या छोट्या कुप्यांत असे. पाणी घालून हलवायचे आणि टोचायचे. न्युमोनिया झाला, घशात गाठी आल्या, जखम चिघळली की त्याला हाक येई. काहींना ते सोसत नाही, म्हणून डॉक्टर आधी कातडीखाली थेंबभर टोचून पाहत. सल्फाच्या जाड गोळ्या लघवीच्या जळजळीला आणि हगवणीला, वर भरपूर पाणी प्यायचे. क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वराला. ताप उतरला तरी डॉक्टर दोन आठवडे पुरे करायला लावत. स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या माणसांना महिनोन्‌महिने टोचत. आणि टेट्रासायक्लिनचा मोठा डबा. हा भलताच तोऱ्यात असे, कारण माणिकरावांचा हात ऊठसूट त्याच्याकडे जाई. वास्तविक लहान मुलांना ते देऊ नये, दात पिवळे पडतात. साध्या सर्दीला त्याचा काही उपयोग नाही. पण लोकांना कॅप्सूल घेतल्याशिवाय औषध घेतल्यासारखे वाटत नसे.

वरच्या फळीवर आम्ही हृदयाची मंडळी. लघवीची गोळी अंगात साचलेले पाणी काढून पायांची सूज उतरवी. छातीत कळ आली की जिभेखाली धरायची एक गोळी होती. आणि मी. आम्हाला गिऱ्हाईक कमी. पण जो आमच्याकडे एकदा आला, तो सहसा आमच्यापासून सुटला नाही.

वरची आणि खालची फळी एकमेकींच्या काही लागत नाहीत, असे मला बरेच दिवस वाटत असे. ते कस्तुराबाई आल्या त्या दिवशी बदलले.

कस्तुराबाई पंचेचाळिशीच्या असतील. आठ एकर कोरडवाहू, ज्वारी आणि कपाशी. घरात मुलगा गोविंदा आणि सून वच्छला. कापूस वेचताना बाई ओळीतच बसल्या आणि उठेनात, म्हणून गोविंदा त्यांना घेऊन आला होता. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावली, मनगट धरले आणि विचारले, "मावशी, लहानपणी कधी सांधे सुजले होते?"

"सुजले होते ना. आठ-दहा वर्साची असीन. आधी घसा दुखला, मंग गुडघे, मंग कोपरं. महिनाभर खाटेवर होती. मंग आपोआप गेलं."

"सांध्यांतून गेलं, हृदयात बसलं," डॉक्टर म्हणाले. "तवा कोणी पेनिसिलिन दिलं असतं, दर एकवीस दिवसाले, तर हे झालं नसतं. आता हृदयाची झडप आकसली हाय अन् ठोके सैरावैरा पळून राह्यले. गोळी घ्या लागीन. जन्मभर."

तेव्हा मला कळले, की खालच्या फळीचे काम वेळेवर झाले नाही, की माणूस वरच्या फळीकडे येतो.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले. रोज सकाळी लघवीची गोळी. आणि माझ्यातली गोळी रोज एक, पण आठवड्यातून पाचच दिवस. दोन दिवस सुट्टी, म्हणजे औषध अंगात साचत नाही. चिठ्ठी खिडकीत आली आणि माणिकरावांनी विचारले, "काकू, उपास कोणते करता?"

"सोमवार अन् शनिवार."

"मंग सोपं हाय. ज्या दिवशी तुमचा उपास, त्या दिवशी गोळीचाही उपास. बस्स, काही ध्यानात ठेवाचं काम नाई."

ही माणिकरावांची स्वतःची युक्ती होती आणि त्यांना तिचा फार अभिमान होता. माणूस वाईट नव्हता. उलट गोड बोलणारा, रोग्याच्या पोराला गोळ्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्याची गाडी करून देणारा. फक्त अडाणी माणसाला वार सांगितले तर तो घोळ घालणार, असे त्यांनी मनाशी धरले होते. म्हणून ज्याचे जसे उपास, तशी त्याची गोळीची सुट्टी. सात रोग्यांना त्यांनी हा नेम लावून दिला होता. आठव्या लिलाबाई बौद्ध वस्तीतल्या. त्यांना उपास नव्हते, म्हणून माणिकरावांचा नाइलाज झाला आणि त्यांना सरळ बुधवार आणि रविवार सांगावे लागले. लिलाबाईंची गोळी वर्षभर कधी इकडची तिकडे झाली नाही. पण ही गोष्ट माणिकरावांच्या ध्यानात आली नाही.

कस्तुराबाईंना महिन्याभरात उतार पडला. पायांची सूज गेली, दम थांबला, त्या पुन्हा शेतात जाऊ लागल्या. मधे महाशिवरात्र आली, एकादश्या आल्या. त्या दिवशी गोळी राहिली. एखाद्या गोळीचे काही वाटत नाही, हृदयाने सांभाळून घेतले.

पावसाळ्यात घर गळले आणि कागदी पुडीतल्या गोळ्यांचा चिखल झाला. तोवर मी रिकामी झाले होते. माणिकरावांनी मला पुसून कस्तुराबाईंच्या हातात दिले. "ह्या बाटलीत ठेवत जा, काकू. झाकण घट्ट लावा." अशी मी दवाखाना सोडून घरात आले. देवळीत, देवांच्या शेजारी माझी जागा झाली. कस्तुराबाई देवाला हात जोडत आणि मला उघडत. मला हे सगळे फार आवडले, खोटे कशाला बोलू?

सर्वपित्री अमावस्येला वच्छला मला घेऊन दवाखान्यात गेली. माणिकरावांनी माझ्यात वीस गोळ्या मोजून टाकल्या. चार आठवड्यांच्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना झाली.

कस्तुराबाई नऊ दिवसांचे उपास धरत. सासूकडून आलेला नेम होता. घट बसले, माळ चढली आणि त्यांनी मला हात लावला नाही. मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. लघवीची गोळी मात्र त्या न चुकता घेत, कारण तिला उपास लावून दिलेला नव्हता. पाचव्या माळेला त्यांना भिंतीला टेकून बसावे लागले. सातव्या माळेला आडवे पडले की धाप लागू लागली, पावले पुन्हा फुगली. वच्छला म्हणाली, "आत्याबाई, दवाखान्यात जाऊ." त्या म्हणाल्या, "उपासानं अशक्ती आली हाय. दसऱ्याले पोटात अन्न गेलं का ठीक होईन."

मी देवळीत बसून होते. माझ्यात वीसच्या वीस गोळ्या होत्या. मित्रांनो, बाटलीला तोंड असते, पण बोलता येत नाही. त्या नऊ दिवसांत मला त्याचा जेवढा राग आला, तेवढा कधी आला नाही.

दसरा उजाडला. पूजा झाली, उपास सुटला. कस्तुराबाईंनी मला उघडले आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी एक गोळी घेतली. मग थांबल्या. बोटांवर नऊ माळा मोजल्या, सोमवार-शनिवार वगळायचे राहिले, आणि पुटपुटल्या, "नऊ राह्यल्या. म्हूनच धाप लागून राह्यली. भरून काढा लागन." आणि आणखी तीन घेतल्या.

यात त्यांना काही वावगे वाटले नाही. पूजा चुकली तर दुसऱ्या दिवशी करतात, राहिलेला उपास पुढे करतात, अधुरे पारायण पूर्ण करतात. जे राहिले ते भरून काढायचे, ही त्यांची सचोटी होती. घरात नवरात्राचे पाहुणे होते, कोणाचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या दिवशी रोजची एक आणि राहिलेल्यांतल्या तीन. तिसऱ्या दिवशीही तेच. नऊ पूर्ण झाल्या, आणि बाईंच्या मनावरचे ओझे उतरले.

तिसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांना मळमळू लागले. मग उलट्या. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात बसून त्या म्हणाल्या, "वच्छे, ही राख पिवळी काहून दिसून राह्यली?"

राख पिवळी, भिंत पिवळी, गाईचे वासरू पिवळे.

गोविंदाने एकदम निदान केले. "कावीळ हाय. किन्हीराजाले कावीळ उतरवणारा हाय, सकाळी अनोशापोटी औषध देते. मी बैल जुंपतो, मालेगावावरून जाऊ." तो गाडीच्या तयारीला गेला. वच्छलाने सासूच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. तिच्या माहेरी दोघांना कावीळ झालेली तिने पाहिली होती. "डोये तर पांढरेच हायेत," ती स्वतःशीच म्हणाली. मग काय वाटले कोणास ठाऊक, तिने मला देवळीतून उचलले, पदरात गुंडाळले आणि दवाखान्याची वाट धरली.

खिडकीत माणिकराव होते. डॉक्टर आत पडद्यामागे कोणाला तरी तपासत होते.

"माणिकभाऊ, आत्याबाईले उलट्या होऊन राह्यल्या. समदं पिवळं दिसते म्हन्ते."

"सणासुदीचं खाल्लं असन काही," माणिकराव म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीने टेट्रासायक्लिनच्या डब्याकडे गेला. त्यांनी सहा कॅप्सूल कागदावर काढल्या. पुडी बांधता बांधता मला पाहिले. "ही काहून आणली?"

"पाहा ना भाऊ, कमी झाल्यासारक्या वाटतात."

माणिकरावांनी मला ताटलीत पालथे केले. आठ गोळ्या निघाल्या. त्यांनी हिशेब केला. अमावस्येला वीस दिल्या, बारा दिवस झाले, बारा गोळ्या गेल्या. रोज एक. म्हणजे बाईंनी सुट्टीच्या दिवशीही गोळी घेतली, तीन-चार जास्त झाल्या. "इतकं काही भेवाचं कारन नाई," ते म्हणाले आणि पुन्हा पुडीला दोरा गुंडाळू लागले. मग सहज विचारले, "उपासाच्या दिवशीबी घेतली वाटते त्यायनं?"

"नाई जी. उपासाले कशी घेतीन? नवरात्रात तर एकबी नाई घेतली. तुमीच सांगतलं होतं ना."

दोरा गुंडाळणारे बोट थांबले. नऊ दिवस एकही नाही, म्हणजे बारा गोळ्या तीन दिवसांत. उलट्या आणि पिवळे दिसणे, ही तर माझ्या विषाचीच खूण. माणिकरावांचा चेहरा असा उतरला, की वच्छला घाबरली.

मित्रांनो, त्या वेळी खिडकीत तिघेच होतो. एक सून, जिला औषधातले कळत नव्हते. एक बाटली, जिला बोलता येत नव्हते. आणि माणिकराव. त्यांनी नेम लावून दिल्याचे कागदावर कुठेही नव्हते. "बाईनंच घोळ घातला" एवढे म्हटले असते तरी गावाने मान डोलावली असती. मला वाटते, क्षणभर ते त्यांच्या मनात आले असावे, कारण त्यांनी आठ गोळ्या पुन्हा एकदा मोजल्या. त्या आठच होत्या. मग त्यांनी कॅप्सूल डब्यात परत टाकल्या, मला हातात घेतले आणि पडदा बाजूला करून आत गेले. आत रोगी बसला होता, त्याच्यासमोरच बोलले.

"साहेब, कस्तुराबाईच्या पोटात तीन दिवसांत बारा डिजॉक्सिन गेल्या. उलट्या हायेत, पिवळं दिसते. चूक माही हाय. मीच तिले उपासाचा नेम सांगतला होता."

डॉक्टरांनी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. सुई आणि औषध पिशवीत टाकत ते वच्छलाबरोबर निघाले. गोविंदाची बैलगाडी कस्तुराबाईंना घेऊन गल्लीतून बाहेर पडतच होती. ती तशीच दवाखान्याकडे वळवली. गोविंदा कुरकुरला, तेव्हा वच्छला म्हणाली, "उद्या किन्हीराजाले जाऊ. आज इथं." आणि ती बैलांच्या पुढे चालू लागली.

डॉक्टरांनी कस्तुराबाईंचे मनगट धरले आणि घड्याळाच्या बारीक काट्याकडे पाहत राहिले. मिनिटाला बेचाळीस. साठच्या खाली नाडी गेली की माझ्यातली गोळी द्यायची नसते, आणि इथे ती बेचाळीसवर आली होती. त्यांनी नाडी वाढवायचे इंजेक्शन दिले. माझी गोळी बंद, लघवीची गोळीही बंद, कारण तिने अंगातले क्षार धुऊन नेले की माझे विष अधिकच चढते. क्षाराचे खारट औषध पाण्यातून दिले, वर मोसंब्याचा रस. बाकी औषध म्हणजे वाट पाहणे. दर तासाला माणिकराव येऊन नाडी मोजत आणि पाटीवर आकडा लिहीत. बेचाळीस. चव्वेचाळीस. पुन्हा एकेचाळीस. त्या एकेचाळीसवर ते बराच वेळ बाईंजवळ बसून राहिले.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारले, "असं किती जणायले सांगतलं?"

"सात, साहेब."

"मंग सहा राह्यले. उद्या उजाडल्याबरोबर निघा."

माणिकराव सायकलने निघाले. पाच जण ठीक सापडले. सहावे दौलतसिंग, बंजारा तांड्यावरचे म्हातारे. त्यांनीही नवरात्रात गोळी सोडली होती. भरून काढली नव्हती एवढेच, पण खाटेवर उशीला टेकून धापा टाकत होते. माणिकरावांनी त्यांना तांड्यावरच्या बैलगाडीत घालून आणले. दोन खाटा शेजारी शेजारी लागल्या. एकीवर गोळी कमी झालेला माणूस, दुसरीवर जास्त झालेली बाई. दोघांना एकाच माणसाने एकच गोष्ट सांगितली होती. मी टेबलावर होते, मला दोन्ही खाटा दिसत होत्या.

तिसऱ्या दिवशी कस्तुराबाईंची नाडी अठ्ठावन्न झाली. चौथ्या दिवशी सहासष्ट. त्या सकाळी त्यांनी डोळे उघडले, बराच वेळ समोर पाहिले आणि म्हणाल्या, "भीत पांढरी झाली, वच्छे." वच्छला रडली. माणिकराव बाहेर जाऊन उगाच सायकल पुसू लागले. आठवड्याने डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मित्रांनो, आता तुम्हाला उपदेश करायचा माझा हक्क आहे. औषध सांगितले तेवढेच घ्या. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका, विचारा. ताप उतरला म्हणून खालच्या फळीची औषधे अर्ध्यात सोडू नका, आणि उरलेल्या कॅप्सूल शेजाऱ्याला वाटू नका. मुलाचा घसा दुखून सांधे सुजले तर घरी बसू नका, नाहीतर पुढे माझ्या फळीकडे यावे लागेल. आणि रिकामी झाले तरी मला स्वच्छ ठेवा. हे मी सांगितले. पण खरी गोष्ट कस्तुराबाईंनी सांगितली, आणि ती घेणाऱ्याला नाही, देणाऱ्याला सांगितली.

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या सकाळी माणिकराव त्यांच्या घरी आले. सायकल भिंतीला टेकवली आणि ओसरीत चुळबुळत उभे राहिले. यंदा नवरात्रात गोळी घेणार का, एवढेच त्यांना विचारायचे होते. कस्तुराबाईंनी मला देवळीतून काढले, एक गोळी तळहातावर घेतली आणि त्यांच्यादेखत पाण्याबरोबर गिळली.

"काकू," माणिकराव म्हणाले, "गोळीनं उपास मोडत नाई..."

"ते मले समजते. उपास माहा हाय, माणिकराव. तो माह्यात अन् देवीत हाय. त्याच्यात तुमी गोळी घातली, तवा घोळ झाला." त्यांनी झाकण घट्ट लावले. "तुमी मले वार काहून नाई सांगतले? लिलाबाईले सांगतले. मले काय वार येत नाई?"

 एखाद्या शाळकरी मुलाने पाठ म्हणावा तसे, माणिकराव सावकाश म्हणाले, "सोमवार अन् शनिवार सुट्टी, काकू. बाकी पाच दिवस रोज एक. नवरात्र असो का दिवाळी."

"हं," कस्तुराबाई म्हणाल्या. "आता सांगतलं."